लेकरू गाडीत कुठं आणि कसं बसवायचं: गावाकडच्या रस्त्यांसाठी सविस्तर माहिती

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळं लेकराचा पहिला लांबचा प्रवास ठरलेलाच असतो. दोन-तीन महिन्यांचं झालं की मामाच्या गावाहून बापाच्या गावाला, दर्यापूरहून दिग्रसला नाहीतर तुमसरहून उमरेडला. त्यासाठी बोलेरो किंवा इको सांगितली जाते. त्यात आठ-नऊ माणसं, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचा डबा, पाळण्याचे दांडे आणि कापडात गुंडाळलेलं बाळ. बाळ कुणाच्या मांडीवर बसणार हे मानपानावर ठरतं. बहुतेक वेळा आजीच्या, आणि आजी पुढच्या सीटवर, कारण पुढं हवा लागते. लहान बाळासाठी गाडीतली सगळ्यात वाईट जागा तीच.

मांडीवरचं बाळ हातात धरून ठेवता येतं हा आपला भरवसा गाडी सरळ चालली आहे तोवरच खरा. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी आदळली तर आतल्या माणसाला बसणारा मार साधारण १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्याइतका असतो. गाडीचं तोंड चेपत ती अर्ध्या मीटरमध्ये थांबली असं धरलं, तरी ६ किलोच्या बाळाचा ओढा त्या क्षणी सव्वाशे किलोच्या आसपास जातो. हे सगळं डोळ्याची पापणी लवण्याआधी होतं. आजी असो की पहिलवान, हात सुटणारच. आजीनं बेल्ट लावला नसेल तर तिचं स्वतःचं वजनही मागून बाळावर येतं. आणि एकाच बेल्टमध्ये आजी आणि बाळ दोघं बांधले तर बेल्ट आणि आजीच्या मध्ये बाळ चेपतं. हे शेवटचं लोक काळजीपोटी करतात, म्हणून मुद्दाम सांगतो. मांडीवर नुसतं धरण्यापेक्षाही ते वाईट.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४-ब आलं. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांच्या सीटनं सुरक्षित न बसवता गाडी चालवली किंवा चालवू दिली, तर १००० रुपये दंड. आपल्या रस्त्यांवर याची पावती क्वचितच फाटते. पण संध्याकाळी रस्ता ओलांडणारी रोही, डांबरावर वाळत घातलेली तूर, लाल दिवा नसलेली कापसाची ट्रॉली आणि पट्टे न मारलेला गतिरोधक हे पावती बघून समोर येत नाहीत. आपल्याकडं जोराचे ब्रेक लागतात ते जास्त करून अशाच गोष्टींमुळं.

आधी वजन आणि उंची

दुकानदार विचारेल, ‘बाळ किती महिन्यांचं?’ वयावर जाऊ नका. सीटवर छापलेले वयाचे आकडे ज्या मुलांवरून ठरलेत त्यांच्यापेक्षा आपल्याकडची बरीच लेकरं बारीक असतात, मेळघाटात तर जास्तच. दीड वर्षाचं लेकरू ८ किलोचं असू शकतं, आणि त्याला ‘९ किलोपासून’ लिहिलेल्या सीटमध्ये बसवणं चूक ठरेल.

यासाठी कुठं जायची गरज नाही. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, उंची मोजतात, आणि ते माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेलं असतं. सीट घ्यायला जाताना ते कार्ड सोबत न्या. सेविकाताईंकडून बाळाची झोपवून मोजलेली लांबी आणि वजन, दोन्ही ताजे करून घ्या.

जुन्या मानकाच्या सीटांवर वजनाचे गट असतात: १३ किलोपर्यंत तान्ह्यांसाठी, ९ ते १८ किलो, १५ ते २५ किलो आणि २२ ते ३६ किलो. नव्या मानकाच्या सीटांवर सेंटीमीटरमध्ये उंची लिहिलेली असते. दोन गट एकमेकांवर चढतात तिथं, म्हणजे समजा १० किलोचं लेकरू दोन्हींत बसत असेल, तर लहान गटातच राहू द्या. मोठ्या गटाच्या सीटवर लवकर जाण्यात काही मोठेपणा नाही.

सीट घेताना काय बघायचं

सीटच्या मागं किंवा बुडाशी नारिंगी रंगाचं लेबल शोधा. त्यावर वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि शेजारी आकडा असतो, आणि ‘आर ४४/०४’ (जुनं मानक) किंवा ‘आर १२९’ (नवं मानक) लिहिलेलं असतं. भारतीय मानक एआयएस ०७२ असा उल्लेखही काही ठिकाणी सापडेल. यातलं काहीच नसेल तर ती बाळाला बसवायची खुर्ची आहे, गाडीची सीट नाही. हँडलवाला झोपाळा, बाउन्सर, वेताची टोपली, पोटाशी बांधायची कापडी झोळी, यातलं काहीही धडकेत टिकत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, टणक कवच नसलेले, नुसते गादी आणि पट्ट्यांचे प्रकार तर घेऊच नका. फोटोत ते अगदी सीटसारखे दिसतात.

पुढचा प्रश्न सीट गाडीला कशानं धरते हा. एक प्रकार गाडीच्या बेल्टनं बांधायचा, दुसरा आयसोफिक्सचा. आयसोफिक्समध्ये मागच्या सीटच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, त्यात सीटचे हात खट्कन बसतात. सोबत वरचा पट्टा किंवा खाली टेकणारा पाय असतो, तोही लावावाच लागतो. आयसोफिक्स बसवताना चुका कमी होतात, हे खरं. पण घरी स्वतःची चारचाकी नसेल, कधी भावाची स्विफ्ट, कधी भाड्याची इको असं चालत असेल, तर माझं मत बेल्टनं बसणाऱ्या सीटला आहे. तीन ठिकाणी धरणारा बेल्ट ज्या गाडीत आहे, त्या बहुतेक गाड्यांत ती बसते. घेण्याआधी आपल्याच गाडीत एकदा बसवून बघू द्या असा आग्रह धरा. अमरावती-नागपूरच्या मोठ्या दुकानात देतात बसवून, लाजायचं कारण नाही.

पैशाचं म्हणाल तर साधी पण लेबल असलेली सीट काही हजारांत येते. गावाकडं ती रक्कम लहान नाही. पण बारशाला चार घरांतून चांदीचे वाळे आणि तीन घरांतून एकाच मापाचे झबले येतात, त्यातल्या दोन-तीन घरांनी मिळून सीट दिली तर कुणाचं काही बिघडत नाही. मामाला आधी सांगून ठेवा.

जुनी सीट घ्यायची असेल तर फक्त ओळखीच्या घरातून. तीन गोष्टी विचारा: कधी अपघातात होती का, घेतली कधी, माहितीपुस्तिका आहे का. प्लास्टिकवर बनवल्याची तारीख कोरलेली असते, काहींवर किती वर्षं वापरायची तेही. लेबल निघून गेलेली, पट्टे बदललेली किंवा माळ्यावर उंदरांनी कुरतडलेली सीट फुकट मिळाली तरी नको.

गाडीतले बेल्ट शोधून काढा

हे काम प्रवासाच्या आदल्या दिवशीचं, निघताना अंगणात गर्दी जमल्यावरचं नाही. मागच्या सीटचे बेल्ट असतात, पण वापरात नसतात. रेक्झिनचं कव्हर चढवताना बेल्टची बकलं खाली दाबून टाकलेली असतात. कव्हरची मागची किनार सोडली आणि बैठक आणि पाठ यांच्या फटीत हात घातला की ती लागतात हाताला, सोबत शेंगदाण्याची टरफलं आणि पाच रुपयांचं नाणं. बकल वर काढा आणि कव्हरला चीर देऊन ते कायम बाहेर राहील असं करून घ्या.

बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याची सगळी लांबी बघा. खळ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर बेल्ट कुरतडतात. कडेचे धागे सुटलेले असतील तर तो बेल्ट बदलायचा, शिवायचा नाही. मग हिसका देऊन बघा. सावकाश ओढला तर बेल्ट मोकळा सुटतो, हिसका दिला की अडकतो. तो असाच चालायला हवा, बिघडलेला नसतो. शेवटी बकलात पट्टी घालून ‘टक’ आवाज येतो का ते पाहा. बकलात आधीच एक नुसती क्लिप खोचलेली दिसली, तर ती बेल्टचा बीप बंद करायला कुणीतरी घातलेली आहे. काढून फेका. अशा क्लिपांची ऑनलाइन विक्री थांबवायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलं होतं, तरी टपऱ्यांवर त्या लोंबकळतच असतात.

बोलेरोसारख्या गाडीत सगळ्यात मागं समोरासमोर बसायची आडवी बाकं असतात. त्यांवर लहान मूल नको, आणि मुलांची सीट तर तिथं बसवताच येत नाही.

सीट बसवणं

तान्ह्या बाळाची सीट मागच्या बैठकीवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं. बाळाचं डोकं शरीराच्या मानानं फार मोठं असतं, लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा, आणि मानेचे मणके अजून कोवळे असतात. तोंड पुढं असेल तर धडकेत धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं पुढं फेकलं जातं, सगळा हिसका मानेवर. उलट बसवलं तर डोकं, मान आणि पाठ एकदमच सीटच्या पाठीवर दाबली जातात आणि मार सगळीकडं वाटला जातो.

मागच्या बैठकीवर मधोमध तीन ठिकाणी धरणारा बेल्ट असेल तर ती जागा उत्तम. नसेल, आणि जुन्या गाड्यांत बहुधा नसतो, तर डावीकडची. डाव्या दारानं बाळाला रस्त्याच्या कडेला उतरवता येतं, ट्रकांच्या बाजूला नाही.

गाडी सपाट जागेवर उभी करा, उतारावर कोन चुकतो. सीट ठेवा, बेल्ट भरपूर ओढून घ्या आणि सीटवरच्या निळ्या खुणांमधून घाला. उलट्या तोंडाच्या बसणीसाठी निळ्या खुणा, पुढं तोंड करून बसवायला लाल, ही रीत बहुतेक सीटांवर सारखी आहे. कमरेचा पट्टा एका वाटेनं जातो आणि खांद्याचा दुसऱ्या. पुस्तिकेतलं चित्र समोर धरूनच करा. बकल लावलं की एका हातानं किंवा गुडघ्यानं सीट बैठकीत दाबा आणि दुसऱ्या हातानं बेल्टचा सैलपणा खांद्याच्या टोकाकडून ओढून काढा. हे दोन-तीनदा करावं लागतं. फोमची बैठक दबत जाते तसा बेल्ट पुन्हा सैल होतो.

आता बेल्ट जिथून जातो तिथंच सीट धरून डावी-उजवी आणि पुढं-मागं हलवा. इंचभरापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा दाबा, पुन्हा ओढा. सीटच्या वरच्या टोकाला धरून हलवू नका, तिथं थोडी हालचाल राहतेच. कोनासाठी सीटच्या बाजूला एक रेघ किंवा बुडबुड्याची नळी असते. रेघ जमिनीला समांतर हवी. सीट जास्त उभी झाली तर झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीवर येते आणि श्वास कोंडतो.

पुढच्या सीटसमोर एअरबॅग असेल तर उलट्या तोंडाची सीट तिथं कधीच नाही. ही एक गोष्ट तरी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. एअरबॅग क्षणात फुगून येते ती सीटच्या पाठीवर, बाळाचं डोकं टेकलेलं असतं तिथंच आदळते. गेल्या काही वर्षांतल्या सगळ्या नव्या मोटारींत दोन्ही बाजूंना एअरबॅग आहेत. फक्त पुढची केबिन असलेल्या, एअरबॅग नसलेल्या पिकअपमध्ये पर्याय नसतो, तिथं तीन ठिकाणच्या बेल्टनं सीट बांधता येईल. मागच्या हौद्यात मात्र लेकरू नको. बाळंतिणीजवळ असलं तरी नको.

लेकरू बसवणं

इथं आपल्याकडच्या सवयी आड येतात. बाळाला आपण दुपट्ट्यात हातपाय आवळून बांधतो. सीटचा एक पट्टा दोन पायांच्या मधून वर येतो, त्यामुळं बांधलेलं बाळ त्यात बसतच नाही. पायजमा किंवा पाय मोकळे राहतील असं झबलं घाला. आधी पट्टे, मग वरून दुपटं. जाड गोधडी किंवा स्वेटर पट्ट्यांच्या आत असेल तर पट्टे घट्ट वाटतात, पण धडकेत कापूस दबतो आणि बाळ वरून निसटतं. डिसेंबरात गोंदिया-भंडाऱ्याकडं पहाटे निघायचं असेल तर हे जास्त लक्षात ठेवा. टोपरं आणि मोजे घाला, पण अंगात पातळच कपडे, आणि बांधून झाल्यावर वरून हवं तेवढं पांघरूण.

बाळाचं बूड सीटच्या कोपऱ्यात नीट मागं सरकवा. उलट्या तोंडाच्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे खांद्यांच्या रेषेतून किंवा किंचित खालून यायला हवेत, पुढं तोंड असेल तर रेषेतून किंवा किंचित वरून. बकल लावण्याआधी करदोडा बाजूला घ्या. त्याची घुंगरं आणि ताईत नेमके बकलाखाली येतात, तासाभरानं तिथं लाल वळ उठतो, आणि मग ‘सीट टोचते’ म्हणून सीटच बंद होते. गळ्यातला काळा दोरा प्रवासापुरता काढून ठेवलेला बरा.

पट्टे ओढल्यावर खांद्यावरचा पट्टा चिमटीत उभा धरून बघा. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर सैल आहे. चिमटी घसरत असेल तर बरोबर. पट्टा कुठं पिळलेला नाही ना, तेही बोटानं चाचपा.

नवजात बाळाला सीटमध्ये एका दमात अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका. मोठ्या तान्ह्यांना दोन तासांची मर्यादा. मध्ये गाडी थांबवायची, बाळाला बाहेर काढून सरळ झोपवायचं, पाजायचं, ढेकर काढायची आणि मग पुन्हा बांधायचं. दूध पाजायला चालत्या गाडीत बाळ काढायचं नाही. रडलं तरी नाही, गाडी थांबवून काढा. वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातून घरी आणत असाल, तर ते सीटमध्ये असं अर्धं टेकून बसू शकेल का हे तिथल्या डॉक्टरांना विचारूनच निघा. सरकारी दवाखान्यातून घरी सोडायला १०२ ची गाडी मोफत असते. आई तिथं समोर तोंड असलेल्या सीटवर बेल्ट लावून बसेल असं बघा, आणि स्वतःची सीट असेल तर ती तिथल्या बेल्टमध्ये बसते का, चालकाला विचारा.

तोंड पुढं कधी करायचं

घाई नको. नव्या मानकाप्रमाणं १५ महिन्यांच्या आत तर नाहीच, आणि सीटची मर्यादा आहे तोवर, दोन वर्षांनंतरही, उलटंच ठेवलेलं चांगलं. ‘पाय दुमडतात’ ही नेहमीची तक्रार. पाय मागच्या बैठकीला टेकले तर काही होत नाही, लेकरं मांडी घालून मजेत बसतात. सीट लहान झाली हे डोक्यावरून कळतं: डोक्याची वरची कड सीटच्या पाठीच्या वरच्या कडेपासून इंचभरावर आली की मोठ्या गटाची सीट बघायची.

१५ किलोच्या पुढं

साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापासून बूस्टर. तो लेकराला उंच करतो, म्हणजे गाडीचा मोठ्यांसाठीचा बेल्ट योग्य जागी येतो. पाठ असलेला बूस्टर घ्या. झोपलेलं लेकरू त्यात कलंडत नाही. घरची उशी किंवा लोड बूस्टर म्हणून चालत नाही. मऊ वस्तू दबते, लेकरू बेल्टखालून घसरतं आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो.

उंची साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर होईतोवर, म्हणजे बहुतेकांना पाचवी-सहावीपर्यंत, बूस्टर लागतो. सुटला का ते असं बघा. पाठ पूर्ण टेकवल्यावर गुडघे बैठकीच्या कडेवर दुमडतात का? कमरेचा पट्टा मांड्यांच्या मुळाशी, हाडावर बसतो का, की पोटावर चढतो? खांद्याचा पट्टा खांद्याच्या मधून जातो की मानेला घासतो? आणि असं पूर्ण प्रवासभर बसवतं का? एकाचंही उत्तर नाही असेल तर बूस्टर राहू द्या. मानेला लागतो म्हणून खांद्याचा पट्टा काखेखालून घेणं किंवा पाठीमागं टाकणं, हे मोठी माणसंही करतात. त्यात बरगड्या आणि पोटातले अवयव जातात.

सीट नाही आणि लगन उद्या आहे

लग्नसराईत असंच होतं. मग जे आहे त्यातलं बरं निवडायचं.

दोन-तीन वर्षांच्या पुढचं लेकरू असेल तर त्याला मागच्या बैठकीवर स्वतःची जागा आणि स्वतःचा बेल्ट द्या. नुसता कमरेचा बेल्ट असला तरी काहीच नसण्यापेक्षा चांगला, फक्त तो मांडीवर खाली आणि घट्ट हवा. दोन लेकरांत एक बेल्ट करू नका. तान्ह्या बाळासाठी मात्र सीटशिवाय सुरक्षित असा प्रकारच नाही. जायचंच असेल तर धरणारा माणूस मागं बसेल, स्वतः बेल्ट लावेल, बाळ त्या बेल्टच्या बाहेर राहील, आणि गाडी दिवसा आणि सावकाश चालेल, इतकंच हातात उरतं. समृद्धीवर मोटारींना १२० ची मुभा आहे. मांडीवर बाळ घेऊन तिकडून जाण्यापेक्षा जुन्या रस्त्यानं ५० च्या वेगानं गेलेलं बरं. आणि दीड महिन्याचं बाळ दूरच्या लगनाला गेलं नाही तर नवरीचं काही अडत नाही.

गाडी ठरवताना भाव करता तसं एक विचारा: ‘मागच्या बाकाले बेल्ट हाय काय?’ दोन-चार जणांनी विचारलं की गाडीवाला बकलं स्वतःच वर काढून ठेवतो.

काळी-पिवळीत आणि ऑटोत बेल्ट नसतो. लेकरू मध्ये, मोठी माणसं दोन्ही कडांना. चालकाशेजारी नाही, उघड्या बाजूला नाही. एसटीत पहिल्या ओळीच्या मागं, समोर उंच पाठ असलेली सीट घ्या, दारापासून लांब, लेकरू खिडकीकडं पण हात आत. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर लेकरू बसवणं मात्र बंदच करा. वावरात जाताना हौसेनं बसवतात. एका खड्ड्यात ते चाकाखाली येतं, आणि ट्रॅक्टरवाल्याला कळतही नाही.

फटफटीवर

खरा प्रश्न इथं आहे, कारण गावात चारचाकी किती जणांकडं? बाप पुढं, आई मागं, मध्ये बाळ, हे चित्र रोजचं.

नऊ महिन्यांच्या आतलं बाळ दुचाकीवर नकोच. त्याची मान हेल्मेट पेलत नाही आणि हेल्मेटशिवाय डोक्याला काही आधार नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींसाठी लोक गाडी काढतात, पण लसीकरणाचा दिवस गावातच किंवा उपकेंद्रात असतो. आशाताईंना तारीख विचारा, पायी जाता येतं.

चार वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्राचा नियम १५ फेब्रुवारी २०२२ ला निघाला आणि वर्षभरानं लागू झाला. त्यात तीन गोष्टी आहेत. लेकराच्या अंगात जाकिटासारखा पट्टा, तो चालवणाऱ्याच्या खांद्यांना जोडलेला आणि ३० किलोपर्यंत वजन पेलणारा. नऊ महिने ते चार वर्षं, या वयात त्याच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट. आणि वेग ताशी ४० च्या आत. चार वर्षांपुढं सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं आहे. मोठ्यांचं हेल्मेट लहान डोक्यावर घालू नका. ते फिरतं, डोळ्यांवर येतं आणि पडताना आधीच निघून जातं. लेकरानं मान जोरात हलवली तरी हेल्मेट जागचं हलू नये, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एखादं बोट जावं, दोन नाही.

ओढणीनं किंवा दुपट्ट्यानं लेकरू बापाच्या पाठीला बांधतात. त्यानं झोपलेलं लेकरू कलंडायचं थांबतं, पण पट्ट्याचं काम होत नाही, आणि ओढणीचं टोक चाकात गेलं तर सगळेच खाली. पेट्रोलच्या टाकीवर बसवलेलं लेकरू धडकेत हँडल आणि बापाची छाती यांच्यामध्ये सापडतं. मागं बसवलं तर पाय बघा. आऱ्यांच्या चाकात टाच गेल्याच्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. साडी गार्ड काढून टाकला असेल तर परत बसवा, त्याला जाळी लावून घ्या आणि लेकराच्या पायात बूट घाला, चप्पल नाही.

उन्हाळ्यात

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याचं मे महिन्याचं ऊन वेगळं सांगायला नको. उन्हात उभ्या गाडीतलं बकल पोळण्याइतकं तापतं. सीटवर पांढरा ओला-पिळून घेतलेला पंचा झाकून ठेवा, दारं उघडून गरम हवा जाऊ द्या, आणि बकलाला आधी स्वतःचं मनगट लावून बघा. सीट आणि पाठ यांच्यामध्ये टॉवेलच्या घड्या घालू नका, पट्टे सैल होतात. घाम येतो म्हणून एक पातळ सुती कापड पुरे. खिडकीला सावलीसाठी कापड लावा, पण चालवणाऱ्याला आरसे दिसले पाहिजेत.

पाच मिनिटांसाठीही लेकराला बंद गाडीत सोडून जाऊ नका. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाचपट वेगानं तापतं. खिडकी बोटभर उघडी ठेवून काही फरक पडत नाही. रिकामी उभी गाडी अंगणातही कुलूप लावून ठेवा, लेकरं लपाछपी खेळत आत शिरतात.

निघायची वेळ सकाळी सहा-सातची ठेवा. ऊन टळतं, आणि चालकाची झोपही झालेली असते. लवकर म्हणून तीन वाजता निघाल तर त्याचा डोळा पहाटे लागतो.

आजीशी बोलणं

सीट विकत घेणं सोपं, ती घरात वापरात आणणं अवघड. संवाद साधारण असा होतो:

‘एवढ्याशा लेकराले असं बांधून ठेवते काय वं कोणी?’

‘आई, तुम्हीच पहिल्यांदा बसवा न त्याले. बकल मी लावतो.’

‘रडून राह्यलं ना थे!’

‘दोन दिवस रडते. पाळण्यात टाकलं तरी रडत होतं ना पहिले?’

वाद घालण्यापेक्षा सीट आठवडाभर आधी घरात आणून ओसरीत ठेवा. लेकराला त्यात बसवून आजीनंच खेळवावं. गाडीत आजीची जागा सीटच्या शेजारी, स्वतःचा बेल्ट लावून. हात लेकराच्या अंगावर राहतो, त्यामुळं मान राहतो आणि बाळही शांत राहतं. आणि पहिला प्रवास लांबचा करू नका. बाजाराच्या गावापर्यंत जाऊन या.

अपघात झालाच तर, आणि नंतर

१०८ ला फोन करा. आग किंवा पाण्याचा धोका नसेल तर बाळाला सीटमधून ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. सीटसकट उचलणं जास्त बरं. मदत करणाऱ्या अनोळखी माणसाला कायद्यानं संरक्षण आहे, २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४-अ तेवढ्यासाठीच आलं. त्यामुळं थांबणाऱ्याला नाव-पत्त्यासाठी अडकवलं जात नाही, हे गावात चार जणांना माहीत असू द्या.

जोराच्या धडकेतली सीट वरून धड दिसली तरी पुन्हा वापरायची नाही. प्लास्टिकच्या आत तडे गेलेले दिसत नाहीत. तशी सीट फेकताना पट्टे कापून टाका, नाहीतर भंगारवाल्याकडून ती दुसऱ्या लेकराच्या घरी जाईल.

चांगली सीट मात्र लेकराला लहान झाली की माळ्यावर टाकू नका. तिचं कापड काढून हातानं धुवा. पट्टे ओल्या फडक्यानं पुसा. ते साबणात भिजवून पिळायचे नाहीत. पुस्तिका पिशवीत घालून सीटलाच बांधा, पत्र्याच्या पेटीत किंवा जाड पोत्यात ठेवा म्हणजे उंदीर लागणार नाहीत. मागच्या बाजूला पक्क्या शाईनं लिहा: कधी घेतली, किती लेकरांनी वापरली, अपघात नाही. आणि बहिणीच्या किंवा शेजारच्या बाळंतिणीच्या घरी द्यायला जाल तेव्हा अर्धा तास काढून तिच्याच गाडीत बसवून द्या. बेल्ट निळ्या खुणांतून गेलाय का ते तिच्याकडूनच एकदा करून घ्या.